कमरेसाठी कुंपण

डॉक्टरांनी मला गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले आणि तिथून सगळं बिघडलं.

रोज सकाळी चटईवर उताणं पडायचं, दोन्ही गुडघे हातांनी पोटाशी ओढायचे आणि सोडायचे. वीस वेळा. "वीसच्या वर एकदाही नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि तीन महिने एकही दिवस चुकवायचा नाही. नाहीतर कंबर उघडावी लागेल." 'उघडावी लागेल' हे त्यांनी बिस्किटांचा डबा उघडण्याच्या सुरात सांगितलं. दुसऱ्याच्या कमरेबद्दल माणूस किती मोकळेपणाने बोलतो, हे दवाखान्यात गेल्याशिवाय कळत नाही.

आमच्या घरात उताणं पडायला जागा नाही. बाहेरच्या खोलीत सोफा, आतल्या खोलीत पलंग, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मी आडवा झालो की स्वयंपाकघराचा रस्ता बंद होतो. बायकोने दोन दिवस मला ओलांडलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटावर तिच्या हातातल्या दुधाचे चार थेंब सांडले, तेव्हा तिने चटई उचलली आणि घरामागच्या परसात नेऊन टाकली. मी मागोमाग गेलो.

परसाच्या पलीकडे दुर्बीण राहतो. हे त्याचं मी ठेवलेलं नाव. पेल्याच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा आणि त्यातून दुसऱ्याच्या घरात बघायची अखंड हौस, एवढ्या भांडवलावर याहून चांगलं नाव मिळत नाही. आमच्या संडासातला दिवा गेला की आधी त्याला कळतं, मग आम्हाला. तीस वर्षं त्याने कुठल्याशा गोदामात पोती मोजली. आता निवृत्त झाला, पण तोंड काही निवृत्त झालं नाही. कौलं मोजतो, कावळे मोजतो, आमच्याकडे आलेले पाहुणे मोजतो आणि "आज पाच जण होते वाटतं?" असं दुसऱ्या दिवशी आम्हालाच विचारतो. त्याच्या आणि आमच्या परसात एक गंजकी तारेची जाळी होती आणि तिच्या पलीकडे त्याच्या कुंड्यांची रांग. कुंड्यांच्या वर डोकं आलं की समजायचं, पाहणी सुरू झाली.

पहिल्याच सकाळी मी पाचव्या खेपेला गुडघे पोटाशी घेतले आणि कुंड्यांवर डोकं उगवलं.

"काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणालो. उलट्या पडलेल्या झुरळाच्या अवस्थेत माणूस याहून सन्मानाने काय बोलणार?

डोकं थोडा वेळ बारकाईने बघत राहिलं आणि खाली गेलं. मग कुंड्यांमागून आवाज आला, "सहा... सात... आठ..." मध्येच 'हं' असा दाबलेला हुंकार. दाबलेलं हसू मला ओळखता येतं. कचेरीत मी खुर्चीवरून उठताना कंबर धरतो तेव्हा मागच्या टेबलांवर तेच ऐकू येतं. मी घाई केली तर मोजणी घाईत, मी थांबलो तर मोजणी थांबलेली. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याने "वीस! झाले!" असं इतक्या जोरात सांगितलं की समोरच्या वहिनींनी खिडकी उघडली.

त्या दिवशी मी चटई गुंडाळली आणि बायकोला सांगितलं, "परसाला उंच, भरीव आडोसा बांधल्याशिवाय मी पुन्हा आडवा होणार नाही."

"आणि कंबर?"

"कंबर माझी आहे."

"शुश्रूषा मला करायची आहे," ती म्हणाली.

माणसाने आयुष्यात घर बांधावं, विहीर खणावी, पण आडोसा निवडू नये. आडोसा निवडताना तो कुणापासून हवाय हे सगळ्यांना सांगावं लागतं आणि सगळे तो बघायला येतात. सर्वांत आधी माझा मेहुणा आला. जगात असा एकही विषय नाही ज्यात माझ्या मेहुण्याला गती नाही, आणि असा एकही धंदा नाही ज्यात त्याने ती दाखवून दिली आहे.

"भावोजी, बांबू," तो चपला काढायच्या आधीच म्हणाला. "डोळे मिटून बांबू."

समोरच्या वहिनी आल्या त्या झुडपांचा पक्ष घेऊन. झुडपं लावा, हिरवं दिसतं, तीन वर्षांत डोक्याएवढी होतात. तीन महिन्यांनी माझी कंबर उघडणार होती. मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग निदान बरे होऊन घरी याल तेव्हा हिरवं तरी दिसेल." कुणी पत्रा सुचवला, कुणी म्हणालं पत्रा उन्हात तापतो आणि पावसात वाजतो. एक गृहस्थ तर निव्वळ रस्त्याने चालले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, माझ्या घरातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. आत येऊन हिरव्या कापडी जाळीवर पंधरा मिनिटं बोलले, पाणी मागून प्यायले आणि गेले.

शेवटी उंचीवर गाडी अडली. किती उंच आडोसा केला की मी दिसणार नाही? मेहुण्याने याला शास्त्रीय उत्तर काढलं. मला चटईवर निजवलं आणि स्वतः दुर्बिणीच्या परसात गेला. आडोसा ज्याच्यासाठी बांधायचा त्याच्याच घरी जाऊन त्याने स्टूल मागून घेतलं. दुर्बिणीने स्टूल तर दिलंच, वर हलू नये म्हणून धरूनही ठेवलं.

"भावोजी, पोट दिसतंय!" मेहुणा वरून ओरडला. "पाय घ्या! अजून वर! हां, आता पाय दिसताहेत!"

"गुडघे छातीपर्यंत आणायचे की नुसते पोटापर्यंत?" दुर्बिणीने खालून विचारलं.

या निर्लज्जपणाला काय उत्तर द्यायचं? मी डोळे मिटून घेतले. तोवर समोरच्या वहिनी, हिरव्या जाळीचे गृहस्थ (हे पुन्हा आले होते) आणि दोन अनोळखी बायका आमच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. लोकांनी बघू नये म्हणून काय बांधायचं ते ठरवताना जितके लोक माझ्याकडे बघत होते, तितके याआधी कधीच बघत नव्हते.

ठरलं ते असं. लाकडी फळ्या, सहा फूट उंच. सुतार चांगला होता, पण त्याला वाऱ्याची काळजी फार. "साहेब, दोन फळ्यांत बोटभर फट ठेवू. वारा जातो, ऊन येतं, लाकूड टिकतं."

"फट नको."

"अर्धं बोट?"

"केस आत जाईल एवढीसुद्धा नको," मी म्हणालो. त्याने मान हलवली. समजूतदार माणसाने हट्टी माणसासमोर हलवावी तशी ती होती आणि मला ती मुळीच आवडली नाही.

चार फुटांपर्यंत कुणाला विचारावं लागत नाही. सहा फुटांना नगर कार्यालयाची परवानगी लागते. मला त्याची धास्ती नव्हती. मी स्वतः सव्वीस वर्षं कचेरीच्या रजा विभागात आहे आणि अर्ज कसा असावा हे मला शिकवणारा अजून खिडकीपलीकडे बसलेला नाही. लोक रजेच्या अर्जात कारण म्हणून 'घरगुती' असा एक शब्द लिहितात. अशा किती अर्जांवर मी 'कारण सविस्तर लिहावे' असा शेरा मारून ते परत पाठवले असतील त्याची गणती नाही. एका शब्दात कारण लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून तिटकारा आहे.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. सातवा रकाना होता, 'चार फुटांहून उंच आडोशाचे कारण'.

"'खासगी' असं लिहा आणि द्या," बाई म्हणाल्या. "सगळे तेच लिहितात."

सगळे लिहितात! मी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, बाकावर बसलो आणि रकाना संपल्यावर पुरवणी जोडून सतरा ओळी लिहिल्या. बाईंनी त्या वाचल्या. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वाचल्या.

"नक्की हेच ठेवायचं?"

"एक अक्षर बदलणार नाही," मी म्हणालो.

आठवड्याने एक माणूस खळ आणि ब्रश घेऊन आला आणि माझ्या फाटकावर कागद चिकटवून गेला. सहा फुटांच्या आडोशाला जाहीर सूचना द्यावी लागते, आणि सूचनेत अर्जातलं कारण जसंच्या तसं छापतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस तो कागद काढायचा नाही, फाडला तर अर्ज रद्द. तर पंधरा दिवस माझ्या फाटकावर ठळक अक्षरांत असं होतं: 'अर्जदारास कमरेच्या विकारामुळे प्रत्यही उताणे पडून दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. सदर क्रिया चालू असता शेजारील गृहस्थ कुंड्यांआडून डोकावतात व कुचेष्टेने मोठ्याने मोजतात. त्यामुळे अर्जदाराच्या प्रतिष्ठेस बाधा येते.' पुढे आणखी चौदा ओळी होत्या. त्यात चटईची लांबीरुंदीही होती.

दूधवाल्याने वाचलं. टपालवाल्याने वाचलं आणि पत्र टाकायला विसरला. आमच्या गल्लीत न राहणारी माणसं वाट वाकडी करून येऊ लागली. एक प्रत कार्यालयाच्या फलकावरही लागली होती. ती माझ्या हाताखालच्या एका कारकुनाने पाहिली. त्याचे तीन अर्ज मी त्या वर्षात परत पाठवले होते. तो माझ्या टेबलाशी आला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "साहेब, कारण वाचलं. पटलं." माझ्या मागच्या टेबलांवर त्या दिवशी कुणी हसू दाबलंसुद्धा नाही, सरळ हसले.

या सगळ्यात दुर्बीण मात्र गप्प होता. कुंड्यांवर डोकं येईना. मला वाटलं, चला, निदान लाज वाटली. पण चौदाव्या दिवशी त्याने हरकत नोंदवली. कारण काय, तर 'आमची गैरसोय होईल'. तीन शब्द! सुनावणीला पाहणी अधिकारी आमच्या परसात आले, फीत काढली, जमीन मोजली, चटई मोजली, आणि दुर्बिणीला विचारलं, "गैरसोय कसली?"

दुर्बिणीने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिला. "तसं काही नाही... रोज सकाळी... सवय झाली होती."

"ऐकलंत!" मी जवळजवळ उडी मारली आणि कमरेने मला जागेवर बसवलं. "सवय! साहेब, हे लिहून घ्या!"

"आणखी काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं.

त्याने फाटकाच्या दिशेने एकदा बघितलं. "नाही. मागे घेतो हरकत," तो म्हणाला आणि सही करून गेला. मी इतका खूश झालो की अधिकाऱ्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो.

"शेजारचे काही बरे दिसले नाहीत," बायको म्हणाली. "चालताना वाकले होते."

"पराभवाने वाकले असतील."

परवानगी आली, सुताराने दोन दिवसांत फळ्या ठोकल्या, आडोशाच्या दाराला आणि घराच्या मागच्या दाराला परसाच्या बाजूने कड्या लावल्या. आडोसा असा झाला की त्यातून मुंगीला पलीकडचं दिसू नये. परसात ऊन येईना. कपडे वाळेनात. बायको ओला टॉवेल माझ्यासमोर पिळत म्हणाली, "अडुसष्ट दिवस झाले तुमचा व्यायाम बंद होऊन. डॉक्टरांकडे जायला तेरा उरलेत. आता काय करणार?"

हा प्रश्न तिने दुसऱ्या कुणाला विचारला असता तर तो घाबरला असता. पण थकलेली कामं कशी निकालात काढायची हे रजा विभागाला शिकवायला नको. अडुसष्ट दिवसांचे वीसप्रमाणे तेराशे साठ. ते तेरा दिवसांत वाटून घ्यायचे, रोजचे साधारण एकशे पाच. त्यात त्या त्या दिवसाचे वीस. म्हणजे रोज एकशे पंचवीस काढले की डॉक्टरांकडे जाताना माझी पाटी कोरी. 'वीसच्या वर नाही' हे डॉक्टरांनी नियमित करणाऱ्यांसाठी सांगितलं होतं, असा मी अर्थ लावला. शरीराला सवय व्हावी म्हणून पहिल्या दिवशी चाळीस केले, दुसऱ्या दिवशी पन्नास. आणि कुणी बघत नाही म्हटल्यावर मला कंठ फुटला. कवायतीच्या मास्तरासारखा मी प्रत्येक आकडा ठणकावून म्हणू लागलो. इतकी वर्षं मी दबून जगलो, हे मला त्या चटईवर कळलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. बायको आणि दुर्बिणीची बायको, दोघी मिळून शिंप्याकडे गेल्या होत्या. या दोघींचं नवऱ्यांच्या भांडणाशी कधीच काही देणंघेणं नव्हतं. मी दोन्ही दारांना कड्या घातल्या, चटईवर पडलो आणि पूर्ण एकशे पंचवीसचा निश्चय करून सुरुवात केली. साठ झाले. एकसष्ट झाले. त्रेसष्टला गुडघे पोटाशी आले आणि कमरेत कट् असं झालं. गुडघे तिथेच राहिले. मी हात सोडले, तरी राहिले. पाय पोटाशी, तोंड आभाळाकडे. कुशीवर वळायला गेलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तेवढ्यात फळ्यांच्या पलीकडून, अगदी जमिनीलगतून, बारीक आवाज आला.

"त्रेसष्ट झाले. पुढे?"

"पुढे काय?" मी म्हणालो. "तुम्ही काय करताय तिथे?"

"पडलोय."

"कशावरून पडलात?"

"कशावरून नाही हो. चटईवर पडलोय. तुमच्याबरोबर करतोय."

मला काही समजेना. मग तो थांबत थांबत सांगू लागला. त्याचीही कंबर गेली होती. पोत्यांनीच गेली असावी. त्यालाही डॉक्टरांनी हाच व्यायाम दिला होता, कागदावर चित्र काढून. "पण ते चित्र उलटं धरायचं की सुलटं, तेच मला कळेना. बायकोला विचारायची लाज वाटली. आणि एक दिवस तुम्ही दिसलात. एकदा बघून घ्यायचं, खाली पडायचं आणि तुमच्याबरोबर मोजायचं. मोजलं की दुखणं कमी होतं. तुम्ही बंद केलात, माझंही बंद झालं. परवा तुमचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं."

"पण वीसच सांगितले होते ना डॉक्टरांनी?"

"हो. तुम्ही पुढे गेलात तेव्हा म्हटलं, तुम्हाला काही नवीन सांगितलं असेल."

मला माझी लाज वाटली. सरळ लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

"मग सुनावणीत का नाही बोललात?" मी विचारलं.

"काय बोलणार? फाटकावर वाचलं होतं मी. 'कुचेष्टेने' असं होतं." तो म्हणाला. "मी कुचेष्टा नव्हतो करत हो."

तो शब्द मी विचार करून लिहिला होता. आधी 'चेष्टेने' लिहिलं होतं, ते खोडून.

"तुम्ही जरा उठून कुणाला तरी हाक मारता का?" मी म्हणालो. "माझी कंबर धरली आहे."

"माझीही," तो म्हणाला. "त्रेसष्टलाच."

आम्ही तसेच पडून राहिलो. सहा फुटांच्या फळ्या, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, गुडघे पोटाशी. गल्लीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. बऱ्याच वेळाने बायकांचे आवाज आले. मी घाईघाईने फळीशी तोंड नेता येईल तितकं नेलं.

"ऐका, मी असा पडलोय हे त्यांना सांगू नका. पाया पडतो. मी माझं बघतो काय ते."

"बरं," तो म्हणाला.

माझ्या बायकोने घराचं मागचं दार ढकललं. "कडी घातलीय. व्यायाम चालला असेल." मग दोघी दुर्बिणीच्या घरातून त्याच्या परसात आल्या. त्याची बायको ओरडली, "अगंबाई, हे काय? असे काय पडलात? उठवू का?"

मी श्वास रोखला. आता त्या दोघी त्याला उचलणार, आत नेणार, कमरेला शेक देणार. मी या भरीव लाकडामागे कुणालाही न दिसता पडून राहणार. तेच तर मी सतरा ओळींत मागितलं होतं.

"उठवायचं काय त्यात?" दुर्बीण म्हणाला. त्याचा आवाज दुखण्याने फाटला होता. "उन्हात पडलोय जरा. जा तुम्ही, चहा ठेवा. मी येतो."

"आणि आमचे?" माझ्या बायकोने विचारलं.

"ते बरे आहेत."

पावलं आत गेली. दार लागलं.

"अहो," मी म्हणालो, "तुम्ही का नाही उठलात?"

"तुम्ही एकटे पडला असता," तो म्हणाला.

मला रडू आलं आणि कमरेने नीट रडूही देईना. सव्वीस वर्षं मी लोकांना कारणं विचारत आलो होतो. हे कारण मला कुणी दिलं नसतं, आणि दिलं असतं तरी मी परत पाठवलं असतं. मी छातीत मावेल तेवढा श्वास घेतला आणि समोरच्या वहिनींच्या खिडकीपर्यंत, किंबहुना त्याच्याही पुढे जाईल अशी हाक मारली.

"अगं, या! आधी पलीकडे जा आणि त्यांना उचला, मग हा आडोसा तोडा! आम्ही दोघंही पडलोय!"

समोरची खिडकी उघडल्याचा आवाज आला.